चिवडा कुठे आहे?

साउथहॅम्प्टन
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सुचेतास चंद्रशेखरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू ओरडतेस, मला निम्मंच ऐकू येतं, आणि शेजारच्या खोलीतले मिस्टर हॅरिस काळजीने विचारतात की घरी कोणी आजारी आहे का. तेव्हा बहीणभावांनी लिहिलेलंच बरं.

खुब्याचं हाड जुळतंय. फिजिओची मुलगी मला वॉकर धरून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत नेते आणि परत आणून बसवलं की 'गुड बॉय' म्हणते. केअर होम वाईट नाही. उकडलेल्या भाज्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, एवढीच तक्रार.

आता मुख्य गोष्ट. रविवारी लेक आली होती, तनया. कोट काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं की चिवड्याला कायमचं घर मिळालं. बोर्नमथकडचं कुटुंब आहे, मोठी बाग आहे, समुद्र जवळ आहे. मी नाव विचारलं. शेल्टरवाले नाव सांगत नाहीत म्हणाली. घरात मुलं आहेत का विचारलं, तर बहुधा आहेत म्हणाली. हे सगळं माझ्याकडे न बघता, टेबलावरची संत्री एकावर एक रचत. सुचेता, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नातेवाइकांना बातम्या सांगण्यात माझा जन्म गेला. बातमी वाईट असली की हातांना काहीतरी काम द्यायचं, हे मला ठाऊक आहे.

इथे यमुना नावाची केअरर आहे, नाशिकची. कुत्र्याचं नाव चिवडा कसं म्हणून ती हसत सुटली. तिला सांगितलं की नीनाने रेसिंगमधून निवृत्त झालेला हा ग्रेहाउंड घरी आणला, तेव्हा त्याच्या अंगावरचे तपकिरी-पिवळे पट्टे बघून ती म्हणाली, हा तर डब्यातला चिवडा. नीना गेल्यापासून घरात मी आणि तो, दोघंच. मी पडलो तेव्हा शेजाऱ्यांना भुंकून बोलावलं तेही त्यानेच.

यमुनाने फोनवर ओक हॉलो या प्राण्यांच्या शेल्टरची वेबसाइट उघडून दाखवली. चिवड्याचा फोटो काढून टाकलाय. 'घर मिळालेले' म्हणून ज्यांचे फोटो असतात त्यांतही तो नाही. आता विचार कर. अकरा वर्षांचा कुत्रा, दात पडलेले, शेल्टरच्या व्हेटनेच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनेच, ऑक्टोबरात पुढच्या पायातून रक्त काढून किडन्या कमजोर असल्याचं सांगितलेलं. असा कुत्रा कोण नेतं? कोणी नेला नाही की काय करतात, हे मला लिहिताना बरं वाटत नाही.

तनयाच्या फ्लॅटमध्ये कुत्रे चालत नाहीत, म्हणून मी त्याला शेल्टरला द्यायला होकार दिला होता. तोही मी बरा होईपर्यंत. जावई कुशल याही वेळी आला नाही. कंपनीच्या कामाला एडिंबराला गेलाय म्हणे. मागच्या खेपेला डब्लिनला होता.

तू चौकशी कर. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा गोड आहे. अजयरावांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझा दादा

---

बर्मिंगहॅम
२० नोव्हेंबर २०२४

ती. दादास सुचेताचा शिरसाष्टांग नमस्कार.

फिजिओच्या मुलीला सांग, घरचे अजून याला गुड बॉय म्हणायला तयार नाहीत. दादा, तुझा स्वभाव मूळचाच संशयी. लहानपणी आई लाडू मोजत नसे, तू मोजायचास. इथली शेल्टर्स धडधाकट जनावरांना मारत नाहीत, हे मी वाचलंय. तनया बिचारी ऑफिस करून ब्रॅकनेलहून तुझ्याकडे धावते आणि तू तिची संत्री तपासतोस.

असं सगळं मनात ठरवूनच मी शेल्टरला फोन केला. मिस प्रिचर्ड नावाच्या मॅनेजर आहेत. चौकशी कोणाबद्दल हे कळेपर्यंत आवाज अगदी मोकळा होता. मी चिवडा म्हटल्यावर थांबल्या. माहिती देता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मला पत्ता नको, तो जिवंत आहे एवढंच सांगा. त्यावर त्या म्हणाल्या की आम्ही प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत सगळ्यात दयाळूपणाचं जे असेल तेच करतो. फोन ठेवल्यावर मी यांना तेच वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. हे म्हणतात, तू भावासारखीच व्हायला लागलीस. असेन. पण हो म्हणायला काय लागतं?

आमच्याकडे ठीक. यांचं गुडघ्याचं रडगाणं आणि माझं यांच्यावरचं. थंडी फार पडलीये, तेव्हा रात्री पायमोजे घालत जा. जीव टांगणीला लावू नकोस. आणि बहिणीवरचा लोभ रागावलास तरी कमी करू नकोस.

तुझी
सुचेता

---

साउथहॅम्प्टन
२ डिसेंबर २०२४

चि. सुचेतास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझी खात्री झाली. मी मिस प्रिचर्डना एक पत्र धाडलं. सभ्य नव्हतं. दयाळूपणा या शब्दाचा अर्थ मी त्यांना विचारला आणि शेवटी खाटीक हा शब्द वापरला. यमुनाने पोस्टात टाकायच्या आधी दोनदा विचारलं की नक्की टाकू ना.

काल तनया पुन्हा आली. माझं तोंड बघून तिने पर्समधून एक फोटो काढला. त्या कुटुंबाने शेल्टरमार्फत पाठवलाय म्हणे. सोफ्यावर चिवडा झोपलाय, जीभ नेहमीसारखी एका बाजूने बाहेर. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग त्याच्या खाली अंथरलंय ते बघितलं. ती नीनाने शिवलेली गोधडी आहे, तनया-कुशलच्या लग्नात दिलेली. एका कोपऱ्यात माझ्या जुन्या शर्टाचा निळा चौकोन आहे. बोर्नमथच्या लोकांकडे नीनाची गोधडी कशी येईल?

म्हणजे फोटो जुना आहे. मागच्या वर्षीच्या दिवाळीत घरमालकाच्या नकळत मी चिवड्याला घेऊन त्यांच्याकडे दोन दिवस राहिलो होतो, तेव्हाचा. नवा फोटो नाही म्हणून जुना दाखवला. नवा का नाही, ते उघड आहे.

 छान आहे म्हटलं आणि फोटो ठेवून घेतला. ती गेल्यावर जेवलो नाही. मेलेल्याची बातमी मी शेकडो लोकांना दिली, पण जिवंत आहे म्हणून कोणाला फसवलं नाही. माझ्या मुलीला मी इतका दुबळा वाटतो?

फोटो सोबत पाठवतोय. मला तो जवळ नको. तब्येत सांभाळ, आणि या म्हाताऱ्याचा विसर पडू देऊ नकोस.

दादा

---

बर्मिंगहॅम
९ डिसेंबर २०२४

ती. दादास सादर नमस्कार.

आधी जेव, मग पुढचं वाच.

जेवलास? आता ऐक. फोटो मी खिडकीपाशी नेऊन, यांचं स्टॅम्प बघायचं भिंग लावून बघितला. गोधडी नीनावहिनीचीच, शंका नाही. पण सर्जनसाहेब, तुम्ही गोधडी तपासलीत आणि पेशंट तपासलाच नाहीत! चिवड्याचा पुढचा उजवा पाय बघ. कोपराखाली चौकोनी जागा आहे, तिथले केस आखूड आहेत आणि पट्टे फिके. रक्त काढताना केस भादरतात, तशी. चिवड्याचं रक्त शेल्टरच्या व्हेटने ऑक्टोबरात काढलं, असं तूच मला लिहिलंस. मग हा फोटो मागच्या वर्षीच्या दिवाळीचा कसा असेल? केस अर्धवट वाढलेत म्हणजे अगदी अलीकडचा आहे.

तो जिवंत आहे, दादा. निदान फोटो काढला तेव्हा होता. आणि तो नीनावहिनीच्या गोधडीवर आहे.

हे लिहिताना मला आनंद झाला, आणि पाकीट बंद करायच्या आत तो गेलाही. कारण मग तनया खोटं का बोलते? फोटो परत पाठवते. या वेळी उशाशी ठेव. नाताळ झाला की मी तिकडे येते. तोवर पोरीला काही बोलू नकोस, एवढं तुझ्या धाकट्या बहिणीचं ऐक.

सुचेता

---

साउथहॅम्प्टन
१८ डिसेंबर २०२४

चि. सुचेतास आशीर्वाद.

तू म्हणतेस ते बरोबर. भादरलेली जागा मला दिसायला हवी होती.

पण आता सगळंच उलटं झालं. कुत्रा तनयाच्या घरात आहे. म्हणजे तिच्या फ्लॅटमध्ये कुत्रे चालतात. म्हणजे पहिल्यापासून खोटं. मी विचार करत पडतो. कुशल महिनोन् महिने तोंड दाखवत नाही. तनयाने मागच्या आठवड्यात घराची किल्ली मागून नेली, पाइप गोठतील म्हणून हीटिंग बघायला. चिवडा तिच्याकडे आहे हे मला कळलं तर मी म्हणणार, चला, मला आणि त्याला घरी सोडा. घरी वाट बघणारं कोणी उरलं नाही असं मला वाटलं, तर मी इथेच राहीन. घर विकायचं असेल दोघांना. एकदा इथे रमलो की सहीपुरता मी.

हे वाचून तुला राग येईल. मलाही लिहिताना येतोय. पण दुसरं कारण सुचत असेल तर सांग.

ये लवकर. तुझ्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे, तो तसाच राहू दे.

दादा

---

बर्मिंगहॅम
१० जानेवारी २०२५

चि. तनयास आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाळा, हे पत्र घरी जाऊन निवांत वाच. ऑफिसात उघडू नकोस.

मी मंगळवारी साउथहॅम्प्टनला जाऊन आले. बाबांना भेटायच्या आधी टॅक्सी करून ओक हॉलोला गेले. मिस प्रिचर्ड म्हणजे कोणीतरी कडक बाई असेल असं मला वाटलं होतं. त्या रबरी बूट घालून कुत्र्यांची भांडी धूत होत्या. बाबांनी लिहिलेलं पत्र त्यांना मिळालंय. त्या फक्त म्हणाल्या की दर महिन्याला अशी येतात, कधी त्याहून वाईट.

त्यांनी चहा दिला आणि मी काही न विचारता सांगायला लागल्या. जागा नाही म्हणून त्या कोणाला मारत नाहीत. पण म्हातारं, आजारी जनावर पिंजऱ्यात घाबरून अन्न सोडतं, त्याला कोणी घरी न्यायला तयार नसतं, तेव्हा ठरवावं लागतं. चिवड्याने खाणं सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एका व्हॉलंटिअरच्या हातावर दात लावले. व्हेट यायची वेळ ठरली होती. आणि त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ आला. नाव त्यांनी सांगितलं नाही. तो पिंजऱ्यात जमिनीवर बसला आणि बराच वेळ कुत्र्याशी बोलत राहिला. तुमच्या भाषेत, असं त्या मला म्हणाल्या.

तनया, मराठी बोलणारा तो गृहस्थ कोण, हे मला कळलंय असं वाटतं. पण तो कुत्रा घेऊन ब्रॅकनेलला आला असता, तर तुला बोर्नमथचं कुटुंब शोधावं लागलं नसतं. मग तो त्याला कुठे घेऊन गेला? आणि एडिंबरा, डब्लिन हे सगळं काय आहे?

बाबांना मी शेल्टरला गेल्याचं सांगितलेलं नाही. त्यांच्या डोक्यात काय काय चाललंय ते कळलं तर तू रडशील. मला रागावायचं नाही. फक्त खरं लिही, तुला येईल तसं. तुझं शुद्धलेखन मी कधी तपासलं नाही, आत्ताही तपासणार नाही.

तुझी
आत्या

---

ब्रॅकनेल
१६ जानेवारी २०२५

डिअर आत्या, नमस्कार.

तुझा पत्र मिळाला. मी कारमध्ये वाचला, घरी जायला थांबू शकली नाही.

मी आणि कुशल सेपरेट झालो. गेल्या एप्रिलपासून. कोणी वाईट नाही, कोणी दुसरा पण नाही. आम्ही दोघं एका घरात खूप एकटे झाले होते. तो आता बेसिंगस्टोकला राहतो. आईचा गोधडी त्याने मागितला आणि मी दिला, कारण आईने त्याला स्वतः शिकवली होती ती कशी धुवायची.

मी बाबांना समरमध्ये सांगणार होती. नंतर म्हटलं दिवाळीला. मग ते पडले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी पहिलं विचारलं चिवडा जेवला का, आणि दुसरं विचारलं कुशल कुठे आहे. मी म्हटलं कामाला गेला. मग रोज एक नवीन शहर लागायचा.

फ्लॅटमध्ये डॉग खरंच अलाऊड नाही, आत्या. ते खोटं नव्हतं.

आता सगळ्यात वाईट सांगते. मिस प्रिचर्डने मला फोन केला. चिवडा खात नाही, तो सफर करतोय, म्हणजे त्याला खूप त्रास होतोय, आम्हाला तुमचा परमिशन पाहिजे. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होती. बाबांना विचारलं तर त्यांचा ब्लड प्रेशर काय होईल असं वाटलं. मी हो म्हटला. मी त्याला मारायला हो म्हटला, आत्या. मग मी कुशलला फोन केला. थांबवायला नाही, फक्त त्याला माहीत असायला पाहिजे म्हणून. त्याने फोन कट केला, आणि डायरेक्ट तिकडे ड्राइव्ह केला.

बाबांना कसं सांगू? चिवडा कुठे आहे सांगितलं तर कुशल सांगावा लागतो. कुशल सांगितलं तर हे पण सांगावा लागेल. म्हणून बोर्नमथ.

तू सांगशील का त्यांना? प्लीज. आय नो मी हे विचारायला नको.

तुझी खूप सारी प्रेम पाहिजे,
तनया

---

बर्मिंगहॅम
२० जानेवारी २०२५

चि. तनयास आशीर्वाद.

तुझं पत्र छातीशी धरून बसले होते. आता डोळे पूस.

नाही, मी सांगणार नाही. मी सांगितलं तर बाबा म्हणतील, मुलीला माझी भीती वाटते. तू सांगितलंस तर रागावतील, पण तुझ्यावर रागावतील, आणि ते बरं. समोर बसून सांगायला जमणार नाही, कारण त्यांना ऐकू येत नाही आणि तुला ओरडून हे बोलायचं नाही. तेव्हा लिही. मराठीतच लिही. जिन्यातलंही लिही. घर विकण्याबद्दल काही मनात असेल तर तेही, नसेल तर नाही म्हणून स्पष्ट लिही. हे मी का लिहायला सांगते, ते बाबांनाच विचार.

आत्याचं दार उघडं आहे, केव्हाही ये.

आत्या

---

साउथहॅम्प्टन
३ फेब्रुवारी २०२५

सुचेतास आशीर्वाद.

तनयाचं पत्र आलं. तू शेल्टरला जाऊन आलीस, हे मला त्यातून कळलं. माझ्या समोर बसून तू तासभर हवेवर बोललीस. तूही त्यांना सामील. ठीक आहे.

राग आला, खोटं कशाला सांगू. पहिले दोन दिवस तर मला त्या पत्रावरही विश्वास बसेना. वाटलं, ही नवी गोष्ट रचली. मुलीने परवानगी दिली आणि जावयाने सोडवलं, असं कोणी रचणार नाही हे मला कळत होतं, तरी. इतके दिवस संशयावर जगलो की तो सोडायलाही जड जातं. कुत्र्याचं मला समजलं. पण वर्ष होत आलं, माझ्या मुलीचं घर मोडलं, आणि मी तिला दर रविवारी जावयाच्या विमानाची वेळ विचारत होतो. घराचं काय, तर तिला ते मी परत येईन म्हणून गरम ठेवायचं होतं.

तिला उत्तर लिहिलं नाही. जमलं नाही. यमुनाकरवी कुशलला फक्त निरोप पाठवला की चिवड्याला घेऊन ये.

शनिवारी आला. आत कुत्रे आणू देत नाहीत म्हणून मला ब्लँकेटमध्ये गुंडाळून कार पार्कमध्ये नेलं. कुशल बारीक झालाय. त्याने वाकून नमस्कार केला आणि मागचं दार उघडलं. चिवडा उतरला. मला वाटलं होतं धावत येईल. तो हळूहळू आला, माझ्या वॉकरचा वास घेतला, मग माझ्या काखेत नाक खुपसलं आणि तसाच उभा राहिला. हाडं हाताला लागतात. मी कुशलला विचारलं की खातो का. हाताने भरवलं तर खातो म्हणाला. ऑफिस घरूनच करतो, म्हणजे त्याला एकटं ठेवावं लागत नाही.

मी त्याला बाकी काही विचारलं नाही. निघताना तो म्हणाला, बाबा, तुम्हाला फसवण्यात मीही होतो. मी म्हटलं, हो, होतास.

पुढच्या शनिवारी परत ये म्हणून सांगितलंय. तुझ्यावर अजून चिडलेला आहे, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

दादा

---

बेसिंगस्टोक
३१ मार्च २०२५

ती. बाबांस कुशलचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला बाबा म्हणायचा हक्क आता आहे की नाही माहीत नाही. दुसरं काही म्हणून बघितलं, लिहिता आलं नाही.

शनिवारी चिवडा तुम्हाला फार थकलेला वाटला असेल. त्यानंतर तो उलट्या करतोय. व्हेटने परत रक्त तपासलं. किडन्या जवळजवळ संपल्या आहेत. सलाइन लावलं तर थोडे दिवस मिळतील, पण ते दवाखान्यातल्या पिंजऱ्यात. पिंजरा त्याला सहन होत नाही. मी त्याला शेल्टरमधून कसा आणला ते मी विसरलेलो नाही. कारमध्येसुद्धा तो उभाच होता, बसायची त्याची हिंमत होत नव्हती.

व्हेट म्हणतात, आता निर्णय घ्या. बाबा, मी घेऊ शकत नाही. शेल्टरच्या वेळी मी हिरोसारखा धावत गेलो आणि तनयाला मनातल्या मनात खूप बोललो. निर्णय घ्यावा लागला तेव्हा तिने तो घेतला होता. आज माझी वेळ आली तर मी तुम्हाला पत्र लिहितोय. तो तुमचा आहे. तुम्ही सांगाल तसं करू. तो सलाइन लावून राहावा असं तुम्हाला वाटत असेल, तर मी तिथे त्याच्याजवळ बसून राहीन.

तनयालाही कळवलं आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत त्याला भाताची पेज देतो आहे. तेवढी पोटात राहते. आशीर्वाद असू द्यावा, नातं काहीही ठरलं तरी.

कुशल

---

साउथहॅम्प्टन
५ एप्रिल २०२५

चि. सुचेतास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी चिवड्याला निरोप दिला.

कुशलचं पत्र वाचून मी यमुनाला लगेच फोन करायला सांगितलं. उत्तर पोस्टाने पाठवण्याइतका वेळ नव्हता. सलाइन नको म्हणालो. कुशल सकाळी मला घ्यायला आला. तनया थेट क्लिनिकवर आली. तिच्या पत्रानंतर आम्ही समोरासमोर असे आलोच नव्हतो. ती आली की मी झोपेचं सोंग घेत असे. तुला हे लिहिलं नव्हतं. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आम्ही आत गेलो.

मागच्या बाजूला एक खोली आहे, दार अंगणात उघडतं. व्हेट लहान मुलगी आहे, तनयाहूनही लहान. कोणतं औषध, किती, किती वेळ लागेल, सगळं मी विचारलं. ती उत्तरं देत गेली. मग तिने विचारलं की तुम्ही डॉक्टर का, आणि मला माझीच लाज वाटली. ते प्रश्न मला माहिती हवी म्हणून नव्हते. वेळ काढत होतो. हेही तिने ओळखलं असणार, पण घाई केली नाही. शेवटी तिने विचारलं, करू या का. मी हो म्हटलं. 

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कुशलने पाय धरला, तनयाने पाठीवर हात ठेवला होता. अगदी शांत गेला. मी इतकी माणसं जाताना बघितली, पण माझ्या हो म्हणण्याने कोणी गेलं नव्हतं.

येताना मी कुशलला शेल्टरवरून न्यायला सांगितलं. लांब पडतं, पण त्याने का म्हणून विचारलं नाही. मिस प्रिचर्ड गेटपाशी आल्या. मी गाडीची काच खाली करून माझं नाव सांगितलं आणि त्या पत्राबद्दल माफी मागितली. खाटीक शब्द मागे घेतो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, शेवटी काही खाल्लं का त्याने? सकाळी थोडं चिकन खाल्लं, कुशलच्या हातून, असं मी सांगितलं. बरं झालं म्हणाल्या. त्यांच्या बुटांना चिखल होता आणि त्या दुसऱ्या एका कुत्र्याला फिरवून आणत होत्या. मी त्या कुत्र्याचं नाव विचारलं. अजून ठेवलं नाही म्हणाल्या.

गाडी निघाली. तनया मागच्या सीटवर होती. बऱ्याच वेळाने तिने मला हाक मारली. मला ऐकू यावं म्हणून पुढे वाकून, कानाजवळ तोंड आणून तिने विचारलं, बाबा, मी तेव्हा हो म्हटलं ते चूक होतं का?

सुचेता, नुसतं तिला बरं वाटावं म्हणून मला उत्तर द्यायचं नव्हतं. मी नीट विचार केला. कुशलने त्याला नेलं म्हणून त्याला हिवाळाभर उबदार घर मिळालं, हे खरं. पण तो येईल हे तिला त्या जिन्यात माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की एक जीव घाबरून भिंतीकडे बघत उभा आहे. मी म्हटलं, नाही, चूक नव्हतं. आज मीही तेच म्हटलं. माझ्याजवळ तुम्ही दोघं होता, तुझ्याजवळ कोणी नव्हतं. आणि तू मला विचारू शकली नाहीस, त्यात माझा वाटा आहे.

तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. कुशल समोर बघत गाडी चालवत होता. मोटरवेवर आमचं वळण चुकलं. तिघांनाही ते दिसलं होतं.  पुढच्या वळणावरून लांबच्या रस्त्याने आलो.

ती दोघं परत एकत्र येतील असं मला वाटत नाही, आणि मी तसं विचारणारही नाही. पण कुशल शनिवारी येणार आहे. मीच सांगितलं ये म्हणून. मी महिनाअखेर घरी जातोय, यमुना अर्धा दिवस येईल. वरच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवायला सांगतो. अजयरावांचा गुडघा चालत असेल तर त्यांनाही आण.

माझा राग गेला, हे लिहायला तीन पत्रं उशीर झाला. लोभ होता तसाच आहे. तू येऊन बघ.

तुझा
दादा